हात लागला का न्हाई

पहिल्या भेटीत सरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मी सांगलीहून त्या शाळेत नवीनच रुजू झाले होते आणि शिक्षकांच्या खोलीत एकेकाशी ओळख करून घेत होते. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले हे गृहस्थ फरशीकडे बघत होते. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "मॅडम, तुमची डावी टाच आतल्या अंगानं झिजतीया. गुडघा दुखत आसंल."

मला राग आला. नव्या माणसाशी, त्यातून बाईमाणसाशी बोलायची ही काय रीत? घरी जाऊन चप्पल उलटी करून पाहिली, तर डावी टाच खरंच आतून झिजलेली. गुडघा मात्र दुखत नव्हता. तो दोन महिन्यांनी दुखायला लागला. तो दुखणारच होता, का सरांनी म्हटलं म्हणून दुखायला लागला, हे मला अजून सांगता येत नाही.

सरांच्या बाबतीत माझं पहिल्यापासून शेवटपर्यंत असंच झालं.

शाळा कुंडलच्या पुढे, उसाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्यातल्या एका गावात होती. मी विज्ञान शिकवायची, आणि कॉम्प्युटर येतो म्हणून तेही माझ्याच गळ्यात पडलं होतं. सर पी.टी.चे. निवृत्तीला तीनेक वर्षं राहिलेली. मूळचे ते वडूजकडचे, कोरड्या मुलखातले. घराणं मेंढरांमागं फिरणारं. लहानपणी वडील त्यांना संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी बसवायचे आणि आत शिरणाऱ्या मेंढरांचे पाय बघायला लावायचे. "मेंढरू काय तोंडानं सांगतंय व्हय, मला दुखतंय म्हून?" सर म्हणायचे. "पाय बघायचा." पुढे मेंढरं विकली गेली, सर शिकले, नोकरीला लागले, पण नजर काही वर आली नाही.

मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. "त्यो आठवी ब मधला, उजवा खांदा टाकून पळणारा" असं म्हणायचे, आणि तो कोण हे शोधायचं काम आमचं. एकदा एक पालक मुलाची चौकशी करायला आले. त्यांनी दोनदा नाव सांगितलं तरी सरांना उमजेना. शेवटी ते गृहस्थ वैतागून व्हरांड्यातून निघाले, तसे सर मागून म्हणाले, "आवं थांबा. तुमचं पोरगं म्हंजे नववीतलं, पाय फेकून चालणारं. बेस हाय की त्ये." ते गृहस्थ आपल्याच पायांकडे बघत गेले.

सरांचा सगळा कारभार सावकाश. चहावर साय धरेपर्यंत कप पुढ्यात तसाच असायचा. प्रश्न मधल्या सुट्टीआधी विचारावा आणि उत्तर सुट्टीनंतर मिळावं. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "शिट्टी मारली की पोरं थांबत्यात. थांबल्यावर काय बघायचं?"

त्या वर्षी संस्थेचं पत्र आलं. प्रत्येक विषयात तंत्रज्ञान वापरायचं, शारीरिक शिक्षणातसुद्धा. महिन्याला चार तास डिजिटल वर्गात घ्यायचे आणि फोटोसकट अहवाल पाठवायचा. हेडसरांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, तुम्ही जरा त्यांच्या मदतीला राहा. त्यांना फोन कानाला कुठल्या बाजूनं लावायचा तेवढंच माहीत आहे."

म्हणून मी फोन घेऊन मैदानावर गेले. मुलींच्या खो-खोचा सराव चालला होता. नववीतली काजल नावाची मुलगी खांबाला वळसा घेत होती. अंगानं काटक, रागीट तोंडाची. मी तिचा व्हिडिओ घेतला आणि चुकून त्याचा वेग अगदी कमी झाला. सरांना दाखवायला फोन हातात दिला. काजलचा पाय हळूच उचलला गेला, घोटा वळला, माती दाण्यादाण्यानं उडाली, केसांची वेणी मागून सावकाश फिरून आली. सर उन्हात उभे राहून बघत होते. संपलं की पुन्हा लावायला सांगत होते, मग त्यांचं त्यांनाच लावता यायला लागलं. घंटा झाली, माझा तास होता, पण त्यांनी फोन काही परत केला नाही. मी फोनशिवाय वर्गावर गेले.

शाळा सुटल्यावर त्यांनी तो आणून दिला तेव्हा बॅटरी संपलेली होती.

"मॅडम, हे आसं आदीपास्नं हुतं?"

"काय, सर?"

"हे. सावकाश."

"फोनमध्ये असतंच, सर."

ते चार पावलं गेले आणि परत वळले. मग म्हणाले, "मग मी तीस वर्सं काय बघितलं?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी नवा फोन घेतला. पुतण्या कुपवाडला कारखान्यात कामाला होता. त्याच्याकडून फोन बसेल अशी लोखंडी पकड करून आणली आणि ती उंच उडीच्या एका मोडक्या खांबावर बसवली. तो खांब खांद्यावर टाकून ते मैदानभर हिंडायचे. पोरांचं पळणं झालं, उड्या झाल्या, मग घंटा देणाऱ्या शिपायाचा हात, वळणारी म्हैस, झाडावरून उतरणारा कावळासुद्धा. मला वाटलं होतं, त्यांना फोन शिकवायला कष्ट पडतील. आता तो थांबवायचा कसा, हे मला समजेना.

डिजिटल वर्गातला त्यांचा पहिला तास मी मागे बसून पाहिला. पडद्यावर एक पाय, काजलचा, खांबापाशी वळणारा. तेवढाच. पस्तीस मिनिटं तोच चार सेकंदांचा तुकडा. मुलं आधी हसली, मग कंटाळली, मग कुजबुजली, मग सगळी गप्प झाली. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, तिची टाच टेकतच न्हाई." सर म्हणाले, "हां." आणि वर्गाबाहेर निघून गेले. हा तास फसला म्हणायचा का झाला म्हणायचा? अहवालात मी 'झाला' असं लिहिलं.

संस्थेचे लोक पाहणीला आले, त्या दिवशी मात्र मला घाम फुटला. सरांनी पडद्यावर जे लावलं, ते जिन्यावरून उतरणारे दोन पाय होते. पँट सगळ्यांनी ओळखली. हेडसर पाहुण्यांच्या शेजारीच बसले होते. "ह्यो उजवा गुडघा बघा," सर मुलांना सांगत होते. "वजन घेत न्हाई. ह्यो माणूस जिना उतरत न्हाई, जिन्यावर पडतोय आन् सावरतोय." हेडसर लाल झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगलीला जाऊन गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढून आणला. गुडघ्यात काही निघालं नाही. सरांना सांगितलं तर म्हणाले, "फोटोत आलं नसंल." आणि संस्थेच्या लोकांनी शेऱ्यात काय लिहावं? 'अभिनव उपक्रम.' हेडसरांनी तो शेरा मला दोनदा वाचायला लावला.

काजल दहावीत गेली आणि संघाची कर्णधार झाली. तिचे वडील उसाचा ट्रॅक्टर चालवायचे, आई द्राक्षबागांत कामाला जायची. दहावीनंतर शाळा बंद, असं वडिलांनी सांगून ठेवलं होतं. एकच वाट होती. विभागीय स्पर्धेला एका क्रीडा वसतिगृहाचे निवडीचे लोक येत, त्यांच्या नजरेत भरलं तर राहणं-शिकणं सगळं त्यांच्याकडे. त्यासाठी आधी जिल्हा जिंकायला हवा होता.

जिल्ह्याचा अंतिम सामना सांगलीला झाला. समोर मिरजेकडची शाळा. सरांनी आपला लोखंडी खांब मैदानाच्या कडेला, खो-खोच्या खांबाच्या रेषेत उभा करून ठेवला होता. शेवटच्या मिनिटात दोन्हीकडे सारखे गुण. त्यांची शेवटची पळणारी मुलगी खांबाला वळसा घेऊन निसटली आणि काजलनं सूर मारला. पंचांची शिट्टी झाली. बाद! ती मुलगी मान खाली घालून बाहेर गेली. आम्ही एका गुणानं जिंकलो. पोरींनी काजलला उचललं. मी तर रडलेच.

सर झाडाखाली फोन घेऊन बसले होते. बऱ्याच वेळानं उठून माझ्याकडे आले. "मॅडम, बघा."

मी पाहिलं. काजलचा हात हवेतून सावकाश येत होता. ती मुलगी वळत होती. हात तिच्या पाठीच्या जवळ आला, आणखी जवळ आला, आणि खाली गेला. हात आणि पाठ यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती.

"लागला न्हाई," सर म्हणाले.

"सर, पंचांनी दिलंय. कुणी काही म्हणत नाही."

"पर लागला न्हाई की."

मी त्यांची बाही धरली, तरी ते पंचांकडे गेलेच. पंच म्हणाले, इथं व्हिडिओचा नियम नाही, निकाल बदलणार नाही, फोन खिशात घाला. तिथंच हे संपलं असतं. पण मिरजेकडच्या शाळेच्या शिक्षकांनी ऐकलं आणि म्हणाले, "मला पाठवा बघू." सरांनी बोट दाबलं आणि पाठवून दिलं. दाखवणं आणि पाठवणं यांत काही फरक असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. आमची जीप गावात पोचायच्या आधी ती फट गावानं पाहिली होती.

जीपमध्ये काजल एकदाच बोलली. "माझा हात लागलाय. बोटाला कापड लागलं. मला कळत न्हाई व्हय?"

सरांनी फोन तिच्यापुढे धरला.

"मी न्हाई बघत," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

स्टँडवरची पोरं तिला बघून दोन बोटं वर करून दाखवायला लागली. तिसऱ्या दिवसापासून ती सरावाला येईना. शाळेत यायची, शेवटच्या बाकावर बसायची, घंटा झाली की घरी. साताऱ्याची विभागीय स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. हेडसर सरांना सगळ्यांदेखत म्हणाले, "जिंकलेला सामना घालवायला तुम्हाला पगार मिळतो का?" सर त्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिले.

मग सरांनी एक नवीनच सुरू केलं. रोज शाळा सुटल्यावर संघातल्या दोन मुलींना खांबापाशी घ्यायचं, एकीनं वळायचं, दुसरीनं सूर मारायचा. फोन त्याच जागी, त्याच उंचीवर. माझं काम मुलींना विचारायचं, लागला का नाही. मग आम्ही व्हिडिओ बघायचो. पहिल्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "लागला." व्हिडिओत फट होती. सरांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा केलं. या वेळी दोघीही म्हणाल्या, लागला नाही, आणि व्हिडिओत हात सरळ पाठीला टेकलेला. कधी वाऱ्यानं टी-शर्ट फुगायचा, कधी हाताची सावली हातासारखी दिसायची. आठवडाभर हेच चाललं. जितकं बघावं तितकं कमी कळत गेलं. मी विज्ञानाची शिक्षिका. कॅमेरा जरा तिरका असला की दोन वस्तूंमधलं अंतर फसवतं, हे मी त्यांना फळ्यावर आकृती काढून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या दिवशी फसवलं का न्हाई?" मी फळा पुसला.

एका रविवारी ते एकटेच त्या बाद झालेल्या मुलीच्या घरी जाऊन आले. तिनं सांगितलं, "शिट्टी झाली म्हणून मी गेले. मला काही कळलं नाही."

त्यानंतर त्यांनी मला काजलच्या घरी सोबत चला म्हटलं. काजल अंगणात कपडे वाळत घालत होती. तिच्या आईनं चहा ठेवला. सर ओट्यावर टेकले.

"काजल," सर म्हणाले. त्यांना तिचं नाव येत होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "मला कळंना झालंय. लागला का न्हाई."

तिनं बादलीतून टॉवेल उचलला.

"पर पाठवायच्या आदी तुला इचारायला पायजे हुतं. त्ये माझं चुकलं."

तिनं हातातला टॉवेल तसाच धरला. "इचारलं असतं तर खरं धरलं असतं?"

सर विचारात पडले. आईनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली, कोंबड्या येऊन गेल्या. मला वाटत होतं, हो म्हणा, कुणीही हो म्हणेल, एवढी पोर समोर उभी आहे.

"म्हाईत न्हाई," सर म्हणाले.

काजल हसली का रडली ते टॉवेलामागे दिसलं नाही. आई म्हणाली, "आवं सर, पोरगी खेळायचंच सोडती म्हणतीया. तिचा बाप तर टपूनच बसलाय."

"मी येते साताऱ्याला," काजल म्हणाली. "पर तुमी फोन आणायचा न्हाई."

साताऱ्याचं सांगण्याआधी पुढचं सांगून टाकते. काजलची त्या वसतिगृहात निवड झाली नाही. पण तिच्या वडिलांनी, कुणाला काही कारण न सांगता, तिला अकरावीला सांगलीला घातलं. ती नंतर पोलीस भरतीत निवडली गेली. मधे एकदा बाजारात भेटली, गणवेशात होती. मी धीर करून विचारलं, "काजल, तो हात लागला होता का गं?" ती म्हणाली, "कुठला, मॅडम?" आणि मला पुढे विचारवेना. सर निवृत्त होऊन वडूजकडे गेले. तिथं त्यांनी दोन शेळ्या पाळल्यात. अधूनमधून त्यांचा व्हिडिओ येतो, एक शेळी सावकाश चालतेय, एवढाच. खाली काही लिहिलेलं नसतं. मी अंगठा दाखवून देते.

साताऱ्याला सरांनी खरंच फोन आणला नाही. मैदानाच्या कडेला उभे होते आणि हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. मागे बांधले, खिशात घातले, शेवटी शिट्टीची दोरी धरून ठेवली. पहिल्याच फेरीत आमची गाठ चांगल्या संघाशी पडली. काजल त्या दिवशी जीव तोडून खेळली. अर्धं मिनिट राहिलं तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो. त्यांची मुलगी खांबाकडे धावली, काजल मागे, आणि तिनं सूर मारला. मी खांबाच्या अगदी समोर बसले होते.

शिट्टी झाली नाही.

काजल मातीतून उठून ओरडली, "लागला! सर, लागला!" पंचांनी हातानं खेळ चालू ठेवायची खूण केली. वेळ संपली. आम्ही हरलो.

मी सरांना पळताना आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. ते पळत पंचांपाशी गेले. "पोरीचा हात लागलाय."

"तुम्ही पाहिलंत?" पंचांनी विचारलं.

"व्हय. बघितलं."

पंच म्हणाले, निर्णय माझा आहे, बाहेर जा, नाहीतर शाळेच्या नावानं तक्रार करीन. सर हलेनात. "लागलाय म्हंतो की मी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी काजल आली, त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "चला, सर." ते दोघं मैदानातून चालत आले. ती त्यांच्या चालीनं चालत होती, म्हणजे अगदी सावकाश.

स्टँडवर एसटीची वाट बघत असताना मुली वडापाव खात होत्या. मी सरांना हळूच विचारलं, "सर, तुम्ही खरंच पाहिलंत?"

"न्हाई," ते म्हणाले. "त्या येळेला मी डोळं मिटलं हुतं."

"मग?"

एसटी लागली. सरांनी सगळ्या मुलींना आत चढवलं, एकेकीचे पाय पायरीवर पडताना पाहिले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ती म्हनली की लागला." आणि ते चढले.

मी मागच्या सीटवर बसले. पुढे काजल खिडकीशी डोकं टेकून झोपली होती. मी खांबाच्या समोर होते, माझे डोळे उघडे होते, आणि मला तो हात लागलेला दिसला नव्हता. हे मी सरांना त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही नाही. मला जे दिसलं ते तरी खरं होतं का, याचा विचार करत मी कराडपर्यंत आले. तिथं काजल जागी झाली आणि तिनं मागे वळून विचारलं, "मॅडम, तुमी तर समोरच हुता. तुमाला दिसलं न्हवं?"

मी मान हलवली. ती होकाराची होती का नकाराची, हे तिनं तिच्या मनानं ठरवलं असेल. माझं काही ठरलेलं नव्हतं.